फकीरचाचांची उतरण

आमच्या गल्लीत कुणाला भांडायचं असलं की आधी माझी गिरणी बंद करायला लावतात. गिरणी चालू असली की कुणाचं काही ऐकू येत नाही, आणि ऐकू न येणाऱ्या भांडणात आमच्या तेरमध्ये कुणाला रस नाही. मी दैवशाला. आमचे मालक वारल्यापासून ही पिठाची गिरणी मीच चालवते. तोंडानं फटकळ आहे असं सगळे म्हणतात, आणि दळण घेऊन माझ्याकडंच येतात. जातील कुठं!

सांगते ते फकीरचाचांचं. गिरणीच्या बरोबर समोर त्यांचं घर. चाचा धाराशिवच्या बाजारात हमाल होते. सोयाबीन, तूर, हरभरा, जो माल येईल तो पाठीवर घ्यायचा, ट्रकला लावलेल्या फळीवरनं चढायचं, वर टाकायचा, खाली यायचं, पुन्हा पाठ वाकवायची. सगळी उमर त्या एका फळीवर गेली. बसनं रोज गेले, रोज आले. ह्या सगळ्यात एक खांदा खाली आला तो आलाच.

काम सोडलं तेव्हा बाजारातली मंडळी शाल आणि नारळ देणार होती. चाचा म्हणाले, शाल माझ्याकडं हाय, नारळ खवायला घरी कुणाला वेळ न्हाय, मला ती फळी द्या. दिली. सागवानी, जाडजूड, पाय घसरू नये म्हणून वर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. टेम्पोवर टाकून वाजतगाजत घरी आणली आणि भिंतीला उभी केली. हुसेनबीचाचीनं तिच्यावर ओले कपडे वाळत घातले.

मग चाचीला लकवा झाला. डावा हात गेला, डावा पाय गेला, बोलणं तेवढं वाचलं. बोलणं गेलं असतं तर गल्लीचं लई नुकसान झालं असतं. कुठल्याशा शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली. पण चाचांच्या घराचं जोतं उंच. पावसात पांढरीच्या जुन्या टेकाडावरनं पाणी येतं ते त्याच बाजूनं वाहतं, म्हणून तिकडच्या रांगेतल्या सगळ्यांनी घरं उचलून बांधलेली. पुढं ओटा, ओट्याला उभ्या पायऱ्या. खुर्ची ओट्यापर्यंत यायची आणि थांबायची.

उचलून खाली न्यायला माणसं होती. चाचीच उचलू द्यायची नाही. दवाखान्यात चौघांनी उचललं तेव्हा लुगडं वर सरकलं होतं आणि एक बाप्या दुसऱ्याला म्हणाला होता, "इकडनं धर, इकडं वजन हाय." तिथनं घरी आली ती सांगूनच आली.

"मेरेकू उचलनेका नै," ती चाचांना म्हणाली. "तुमने जिंदगीभर पोते उचले. मैं पोता नै हूं."

चाचांनी खुर्ची ओट्याच्या कडेपासून मागं घेतली.

आता गल्लीची आमची बाजू. माझ्या गिरणीला लागून धुरपदाबाईचं घर. आमची बाजू उंचावर, म्हणून घर जमिनीलगत, नुसता उंबरा. धुरपदाबाई आणि हुसेनबीचाची ह्या गल्लीत एकाच साली नांदायला आल्या. शेंगा फोडायला, शेवया करायला, सुनांना नावं ठेवायला कायम एकत्र. धुरपदाबाईचे गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. तिला त्या पायऱ्या चढवत नाहीत आणि हिला उतरवत नाहीत. मग एक आपल्या ओट्यावर, दुसरी आपल्या उंबऱ्यात, आणि मधनं गल्ली. दिवसभर ओरडून बोलायच्या. त्यात गिरणी चालू असली की दोघी मिळून मला शिव्या द्यायच्या. मी गिरणी बंद करायची. धुरपदाबाईला कुठली गोळी लागू पडत नाही, चाचीची सून झरीन चहात साखर किती टाकते, हे सगळं आता गावाला पाठ आहे.

एक दिवस धुरपदाबाई उंबऱ्यातनं ओरडली, "हुसेनबी! कुलदीप न्यायला येतोय गं मला. ऐतवारी. पुण्याला. कायमचं!"

कुलदीप तिचा मुलगा. पुण्यात नवीन घर घेतलं होतं, लिफ्टचं.

चाचीनं उत्तर दिलं नाही. असं कधी झालं नव्हतं. एका हातानं चाक फिरवलं, खुर्ची वाकडीतिकडी करत आत गेली. मी दळण अर्धं सोडून समोर गेले, कारण मला राहवलं नाही.

आत चाची चाचांना सांगत होती, "मला एकदा तिच्या घरात जायचंय. गल्लीतनं न्हाय, घरात. तिच्याजवळ बसायचंय. ती जायच्या आधी. आणि कुणी मला हात लावायचा न्हाय."

"एवढंच ना?" चाचा म्हणाले. "फळी हाय की."

त्यांनी फळीवरचे कपडे झरीनच्या हातात दिले. झरीन शिकलेली आहे, बी.एस्सी.; शिकवणी घेते. ती म्हणाली, "अब्बा, फळी लांडी आहे. चढ उभा होईल. ह्याला उतरण म्हणतात. साधं यंत्र आहे, पण त्याचा हिशोब असतो."

"यंत्र?" चाचांनी फळीच्या खाली वाकून बघितलं. "ह्यात इंजन कुठंय?"

"इंजन नसतंच. उतरण लांब केली की जोर कमी लागतो, एवढंच."

"बेटा, माझी उमर फळीवर गेली. फळी लांडीच पायजे. लांब केली की पावलं वाढतात. ट्रक तोवर थांबतोय व्हय?"

इथं ट्रक नव्हता हे झरीन बोलणार होती. पण सासरा होता, तिनं फळीचं दुसरं टोक धरलं.

फळी ओट्याला लावली. चाची खुर्चीत, मागं चाचा, खाली मी. पहिल्या पट्टीवरनं चाक गेलं तेव्हा चाचीची कवळी वाजली. दुसऱ्या पट्टीला चष्मा नाकावर आला. तिसऱ्या पट्टीत पुढची चाकं अडकली ती अडकलीच. पुढं जाईना, मागं येईना. पट्ट्या ठोकलेल्या होत्या त्या माणसाच्या पायासाठी. चाकाला पाय नसतात हा विचार ज्याला सगळं गाव हमाल म्हणून ओळखतं त्याच्या डोक्यात आलाच नव्हता.

चाची गल्लीच्या वर अधांतरी बसून राहिली. समोरनं धुरपदाबाई ओरडली, "अगं, कुठवर आलीस?"

"लटकलेय!" चाची म्हणाली.

शेवटी मी खालनं रेटलं, चाचांनी वरनं ओढलं, आणि चाची पुन्हा ओट्यावर. हात खुर्चीला लावला, तिला नाही. ते तिनं नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी पट्ट्या उखडल्या, फळी घासली, तेल लावलं. तेल कशाला लावलं ते मला आजवर कळलेलं नाही. चाची म्हणाली, "आधी पोतं बसवा. मग मी."

पोतं माझ्याकडनं नेलं. वजन बरोबर पाहिजे म्हणून चाचांनी पोत्याला हात लावून अंदाज केला आणि म्हणाले, "एवढीच हाय ती." चाची आतनं ओरडली, "इतकी न्हाय मी! काढा थोडे." चाचांनी दोन ओंजळी गहू काढले. पोतं पडू नये म्हणून झरीननं आपल्या जुन्या ओढणीनं ते खुर्चीला बांधलं. चाचांनी मागनं खुर्ची धरली आणि फळीवर घातली.

पुढं काय झालं ते बघायला वेळच मिळाला नाही. खुर्ची चाचांच्या हातातनं सुटली, सर्रकन गल्ली ओलांडायच्या आत वळली आणि चाचांच्या शेजारच्या शंभुलिंगच्या फटफटीवर जाऊन आदळली. फटफटी आडवी. पोतं फुटलं. गहू गल्लीभर. कुणाच्या तरी कोंबड्या वाटच बघत असल्यासारख्या आल्या.

आणि समोरच्या उंबऱ्यातनं धुरपदाबाईनं हंबरडा फोडला. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिला खुर्ची दिसली, ओढणी दिसली, आपटलेलं दिसलं. "हुसेनबी गेली गं! मारलं माझ्या हुसेनबीला!" म्हणत बाई उठली. जिला न्हाणीपर्यंत जायला काठी लागायची ती गल्ली ओलांडून आली, गव्हात मटकन बसली आणि पोत्याला मिठी मारली. मग तिला कळलं की हे पोतं आहे.

"जित्ती हाय गं मी!" ओट्यावरनं चाची म्हणाली. ती पण रडत होती. "वर बघ. वर."

धुरपदाबाईनं वर बघितलं, मग चाचांकडं बघितलं आणि जे बोलली ते मी इथं सांगणार नाही. चाचांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. नंतर तिला वर न्यायचा विचार निघाला, पण पहिल्याच पायरीला गुडघा बोलला. पायऱ्यांच्या तळाशी बसून ती वर बघत राहिली आणि ओट्याच्या कडेवरनं चाची खाली. गल्लीतली सगळी जमा झालेली. मग मी धुरपदाबाईला धरून घरी नेलं.

शंभुलिंग बाहेर आला. किराणा दुकानदार, हिशोबी माणूस. फटफटी उभी केली, फुटलेला इंडिकेटर हातात घेतला आणि म्हणाला, "आता माझ्या दारापुढं तुमचं कायबी यायचं न्हाय. फळी न्हाय, खुर्ची न्हाय, म्हातारी न्हाय." वर गहू कुणाचा म्हणून विचारलं. गहू त्याचाच होता, दळायला टाकलेला. मला सांगावं लागलं.

त्या दिवशी चाचा ओट्यावर बसले ते जेवायलाही उठले नाहीत. मी गेले तर म्हणाले, "दैवशाला, ती पडली असती." एवढंच. मला लई वाईट वाटलं, म्हणून मी रागावले. माझं असंच आहे.

"मग सून सांगतेय ते ऐका की," म्हणलं. "तिचं ऐकलं तर तुमची फळी काय छोटी होतेय?"

चाचांनी झरीनला हाक मारली. म्हणाले, "सांग बेटा. तुझं यंत्र सांग."

झरीननं रांगोळीचा डबा माझ्याकडनं मागून नेला आणि गल्लीतच रेघ ओढली. बोलताना ती शिकवणीतल्यासारखीच बोलत होती. "ढोकीच्या कारखान्याला ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर बघितलाय ना, अब्बा? उभ्या चढाला त्याचं पुढचं तोंड वर उचलतं. म्हणून घाटात रस्ता सरळ वर नेत नाहीत, वळसे घालत नेतात. डोंगर तेवढाच असतो, वाट लांब होते आणि चढ हलका होतो. आपलं जोतं जेवढं उंच, त्याच्या बारापट लांब उतरण पाहिजे. म्हणजे अम्मीला चढवताना तुम्हाला दम लागणार नाही, आणि उतरवताना खुर्ची हातातनं सुटणार नाही."

"बारापट?" चाचांनी गल्लीकडं बघितलं. "समोर नेली तर दैवशालाच्या गिरणीत घुसतीय."

"समोर नाही. भिंतीला लागून. गल्ली शंभुलिंगकाकांच्या बाजूला चढत जाते. तिकडं नेली की गल्लीच वर येते आपल्याला भेटायला. तेवढी लांबी वाचते."

रेघ शंभुलिंगच्या दारापुढनं गेली. तो दुकानातनं येऊन त्या रेघेकडं बघत उभा राहिला. आता हा माणूस रोज संध्याकाळी फटफटी ओट्यावर चढवतो. दोन्ही हातांनी रेटतो, पाय सरकतो, आईवरनं शिव्या देतो, फटफटी पायरीवर अडकते, मग मला हाक मारतो. चोरांची भीती म्हणून बाहेर ठेवत नाही. झरीननं फक्त त्याच्या ओट्यापाशी रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तुमचा ओटा आमच्यापेक्षा बुटका; इथं आली की उतरण बरोबर त्याच्या उंचीला असेल, काका."

शंभुलिंगनं त्या बोटापासून आपल्या पायरीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. इंडिकेटर अजून खिशात होता.

"आमच्या ओट्यापाशी जरा रुंद करा," म्हणाला, आणि दुकानात गेला.

मग कामाला सुरुवात झाली. नदीकडनं मुरूम आणला. दगड रचले, मुरूम भरला, पाणी मारून चोपला. माती उकरली की खापऱ्या निघत होत्या. तेर पुराणकाळचं गाव, त्या कुठंही निघतात, त्याही भरावात गेल्या. चाचांनी कुणाला हात लावू दिला नाही, म्हणजे आम्ही टोपल्या वाहायच्या आणि त्यांनी चोपायचं. दर थोड्या वेळानं रिकामी खुर्ची ढकलून बघायची, पुन्हा चोपायचं. चाची ओट्यावरनं आणि धुरपदाबाई उंबऱ्यातनं दोघी मिळून त्यांच्या चुका काढत होत्या. शनिवारी सकाळी गवंडी आला आणि वर सिमेंट झालं. रविवारी दुपारी कुलदीप येणार होता. रात्रभरात पाय ठेवण्यापुरतं वाळेल, गवंडी म्हणाला.

चाचा काठी घेऊन राखणीला बसले. कोंबडी आली, हाकलली. पोरं आली, हाकलली. शंभुलिंग फटफटी घेऊन आला, त्यालाही हाकलला. सिमेंट असं झालं होतं की बघत बसावं. एक रेघ नाही, एक खड्डा नाही. चाचा एकदा माझ्याकडं बघून हसले, आणि मी त्यांना हसताना किती दिवसांनी बघितलं होतं!

दुपार झाली तशी कुलदीपची गाडी आली. शनिवारीच. त्याला उद्या ड्युटी लागली होती. "आई, चल, अंधार पडायच्या आत निघू," म्हणाला आणि गाठोडी गाडीत भरायला लागला. त्याचीही काही चूक नव्हती, पण मला त्याला धरून गव्हाबरोबर दळावंसं वाटलं.

धुरपदाबाई उंबऱ्यात उभी राहिली. समोर नुसतं बघत होती.

चाची खुर्चीत होती. म्हणाली, "चला."

चाचा म्हणाले, "ओलं हाय." मग हळू आवाजात, "उद्या गेलो असतो. सगळं बिघडतंय बघ."

"बिघडू दे."

"एवढं केलं त्याचं..."

"कशासाठी केलं?" चाची म्हणाली.

चाचांनी काठी खाली ठेवली. चपला काढल्या. खुर्चीच्या मागं गेले, दोन्ही मुठी घट्ट धरल्या आणि खुर्ची उतरणीवर घातली. चाकं सिमेंटात रुतत चालली, मागं चाचांचे अनवाणी पाय. हळूहळू, अगदी हळूहळू. शंभुलिंगच्या दारापुढनं गेले तेव्हा तो उठून उभा राहिला. खाली पोचले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या गल्लीत तशी पद्धत नाही.

गल्ली ओलांडली. धुरपदाबाईच्या उंबऱ्याला चाचांनी लाकडाची एक पाचर लावली, खुर्ची चटकन आत गेली. मग चाची आतनं म्हणाली, "तुमी भाईर थांबा." आणि धुरपदाबाईनं दार लावून घेतलं.

मी गिरणी आधीच बंद केली होती. घर माझ्या भिंतीला लागून. भिंतीपाशी जाऊन उभी राहिले, खोटं कशाला बोलू. एक शब्द ऐकू आला नाही. कुलदीपनं गाडीचा हॉर्न वाजवला तेव्हा चाचा त्याच्याकडं वळून बघत राहिले. पुन्हा वाजवला नाही त्यानं.

दार उघडलं तेव्हा उन्हं कलली होती. धुरपदाबाई गाडीत बसली, काच वर होती, गाडी गेली. चाचीनं हात केला नाही, मानही वळवली नाही. चाचांनी खुर्ची फिरवली आणि त्याच ओल्या सिमेंटावरनं वर ढकलायला लागले. अर्ध्यावर थांबले. मी म्हणलं, दम लागला म्हाताऱ्याला.

"झरीन," चाचा म्हणाले, "जोरच लागंना गं. हिचं वजन कुठं गेलं?" त्यांचा चेहरा भ्यालेला होता.

"वजन तेवढंच आहे, अब्बा," झरीन म्हणाली. "वाट लांब झाली म्हणून हलकं लागतंय."

चाचांनी खुर्ची वर नेली. दुसऱ्या दिवशी गवंडी चाकांच्या खोबणी बुजवायला आला, त्याला परत पाठवलं. शंभुलिंगची फटफटी आता त्याच खोबणीतनं ओट्यावर जाते आणि मला हाक येत नाही.

चाची रोज खाली येते. माझ्या गिरणीपाशी बसते, दळणवाल्यांना काय काय सुनावते. मी बरेच दिवस दम धरला, पण मला काही तो धरवत नाही. एकदा गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा विचारलंच.

"चाची, त्या दिवशी दार लावून एवढं काय बोललात गं तुमी? सगळं तर गल्लीतनं वरडून बोलायच्या."

चाची धुरपदाबाईच्या बंद दाराकडं बघत होती.

"बोललो काईच न्हाय," म्हणाली. "एकमेकीला धरून रडलो. ते काय गल्लीतनं करता येतंय व्हय?"